आडनाव नसलेल्या लोकांच्या शाळा

मंडळी, थिबा राजा शाळेत असताना क्रिकेट खेळायचा, हे ऐकलं होतं का कधी? बाद झाला की राजपुत्राच्या तोंडी शोभणार नाहीत असे शब्द वापरायचा, असंही सांगतात. रत्नागिरीला थिबा पॅलेस पाहायला आपण सगळेच गेलेलो आहोत. मी तर इतिहासाचा मास्तर, त्यामुळे बेळगावहून सहली घेऊन किती वेळा गेलो त्याचा हिशेब नाही. दरवेळी पोरांना तेच सांगायचो : ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केला, १८८६ मध्ये इथे आणला, १९१० मध्ये हा वाडा बांधून दिला, डिसेंबर १९१६ मध्ये इथेच वारला. एकदा सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, राजा शाळेत गेला होता का?" त्या प्रश्नापासून मी ब्रह्मदेशच्या शाळांच्या मागे लागलो, तो निवृत्तीनंतरही सुटलेलो नाही.

तर, गेला होता. जॉन एबेनेझर मार्क्स नावाचा इंग्रज मिशनरी मास्तर १८६८ साली मंडालेला पोचला. थिबाचा बाप मिंडॉन राजा पक्का बौद्ध. ७२९ संगमरवरी शिळांवर त्यानं सगळं त्रिपिटक कोरून घेतलं होतं. पण जग बदलतंय हेही त्याला कळत होतं. त्यानं स्वतःच्या खर्चानं मार्क्सला शाळा, राहायला घर आणि चक्क एक चर्च बांधून दिलं आणि आपले नऊ राजपुत्र शिकायला पाठवले. हे राजपुत्र हत्तीवरून यायचे, डोक्यावर सोनेरी छत्र्या, मागे नोकरांचा लवाजमा. ते वर्गात शिरले की बाकीची पोरं जमिनीवर पालथी पडायची, कारण राजपुत्रापेक्षा कुणाचं डोकं वर असता कामा नये. अशा वर्गात गणित कसं शिकवायचं, हे मास्तरकी केलेल्या माणसालाच विचारा! राजा आणि मास्तर यांचं पुढे बिनसलं आणि १८७५ मध्ये मार्क्सनं मंडाले सोडलं. थिबा नंतर विहारात राहून शिकला आणि पालीची सर्वांत वरची परीक्षा पास झाला. म्हणजे आपल्या रत्नागिरीला आलेला राजा अडाणी नव्हता, दोन पद्धतींच्या शाळा पाहिलेला होता. आणि त्याच्याच चार मुलींच्या शिक्षणाकडे मात्र इंग्रज सरकारनं म्हणावं तसं लक्ष दिलं नाही.

थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू रत्नागिरीत वाढली, मराठी बोलली, तिथेच तिचं लग्न झालं आणि ती पवारांची सून झाली. मला यात गंमत वाटते ती अशी की, मंडालेच्या राजघराण्याला आडनाव मिळालं ते रत्नागिरीत. कारण ब्रह्मदेशात आडनाव ही भानगडच नाही.

हे जरा सविस्तर सांगतो, पुढचं सगळं यावर उभं आहे. आपल्याकडे कुणी भेटला की पहिला प्रश्न 'आडनाव काय', दुसरा 'मूळ गाव कुठलं'. इंदूर असो, बडोदा असो, हैदराबाद असो, चार पिढ्या बाहेर काढल्या तरी आडनावाच्या दोरीनं आपण कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या गावाला बांधलेले असतो. बर्मी माणसाला ती दोरी नाही. मुलाचं नाव ठेवताना जन्माचा वार पाहतात, कारण प्रत्येक वाराला अक्षरं ठरलेली असतात. सोमवारला क-वर्ग, मंगळवारला च-वर्ग, असं. बापाचं नाव मुलाला लागत नाही, लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. नावाच्या आधी लागतं ते नातं : पोरगा असेल तर 'मौंग' म्हणजे धाकटा भाऊ, तरुण असेल तर 'को' म्हणजे दादा, वडीलधारा झाला की 'ऊ' म्हणजे काका. मुलगी 'मा', थोर बाई 'डॉ'. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झालेले 'यू थांट' आपल्या वर्तमानपत्रांत येत, त्यातला 'यू' म्हणजे हाच 'ऊ'. त्यांचं नाव फक्त थांट. शुक्रवारचा जन्म, म्हणून ते अक्षर. त्यांचे धाकटे तीन भाऊ खांट, थौंग आणि तिन मौंग. वडील पो नित. आता या पाच नावांवरून हे एक घर आहे, असं कोण म्हणेल?

मग घराणं लक्षात ठेवायचं कसं? माझ्या मते तिथे ते काम शाळेनं केलं. अमका कुठल्या शाळेतला, कुठल्या सयाच्या हाताखालचा, यावरून माणूस ओळखला जायचा. 'सया' म्हणजे गुरुजी, बाई असतील तर 'सयामा', आणि मोठ्या गुरुजींना 'सयाजी'. या शब्दाला तिथे केवढा मान! बर्मी माणूस ज्या पाच जणांपुढे डोकं टेकवतो ते पाच म्हणजे बुद्ध, धम्म, संघ, आई-वडील आणि गुरुजी. एकाच ओळीत. आपल्याकडे गुरुपौर्णिमा वर्षातून एकदा. (आम्हा मास्तर लोकांना हे वाचून बरं वाटतं, लपवण्यात अर्थ नाही.)

'चौंग' हा तिथला शब्द विहाराला आहे आणि शाळेलाही आहे. वेगळा शब्द लागलाच नाही, कारण शेकडो वर्षं गावातला विहार हीच शाळा होती. सकाळी भिक्षा मागून आलेले भिक्षू दुपारी पोरांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावत, मंगलसुत्त पाठ करून घेत. म्हणूनच इंग्रजांनी जेव्हा जनगणना केली तेव्हा लिहिता-वाचता येणाऱ्या पुरुषांच्या प्रमाणात ब्रह्मदेश हिंदुस्थानातल्या इतर प्रांतांच्या पुढे निघाला. त्यांची अक्षरं गोलगोल, चकल्या पाडल्यासारखी, पण क्रम ऐका : क, ख, ग, घ, ङ. तोच! फक्त त्यांच्याकडे 'मोठा क', 'धाकटा ग', 'मोठा ग' अशी टोपणनावं असतात. आमच्या गल्लीत मराठा रेजिमेंटमधून पेन्शनवर आलेले एक सुभेदार होते, लढाईत ब्रह्मदेश पायाखाली घातलेले. ते सांगायचे, "लढाईच्या धामधुमीत एका खेड्यात विहारापाशी थांबलो, आत पोरं घोकत होती, आणि मला वाटलं आपल्या शाळेतच आलो की काय."

इंग्रजी अमलात मिशनच्या शाळा आल्या. मार्क्सनंच १८६४ मध्ये रंगूनला सेंट जॉन्स काढली होती. तिथे जेम्स जॉर्ज स्कॉट नावाचा स्कॉटिश हेडमास्तर आला आणि त्यानं पोरांच्या पायात फुटबॉल दिला. ब्रह्मदेशचं फुटबॉलवेड सुरू झालं ते या शाळेच्या मैदानातून. हाच स्कॉट पुढे 'श्वे यो' या बर्मी नावानं लिहू लागला. १८८२ मधलं त्याचं बर्मी माणसाबद्दलचं पुस्तक इतकं आतल्या माणसानं लिहिल्यासारखं होतं की लेखक बर्मीच असावा, असं वाचकांना वाटे. कॅथलिक ब्रदर्सची सेंट पॉल्स होती. तिथून १९१७ च्या सुमारास एक हुशार, गरीब घरचा मुलगा सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. घरच्या परिस्थितीनं कॉलेजात न जाता नोकरीला लागला. तो बा खिन. पुढे हेच ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशचे पहिले अकाउंटंट जनरल झाले आणि कचेरीतल्या माणसांना विपश्यना शिकवू लागले. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोएंका त्यांचे शिष्य. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि पुढे इगतपुरीला केंद्र उभं राहिलं. तिथे जाऊन आलेल्यांनी 'सयाजी ऊ बा खिन' हे नाव ऐकलेलं असेल. त्यातला सयाजी म्हणजे हे आपले मोठे गुरुजी. बडोदेकरांनी सयाजीरावांशी गल्लत करू नये!

बडोद्यावरून आठवलं. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी, ज्यांना महाराज सयाजीरावांनी महिना पन्नास रुपये देऊन काम करू दिलं, ते पालीसाठी सिलोन करून ब्रह्मदेशातही राहून आले होते. ज्या 'विसुद्धिमग्ग' ग्रंथाच्या संपादनासाठी ते हार्वर्डला गेले, त्याच ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर रंगूनचे पालीचे प्राध्यापक पे मौंग तिन यांनी केलं. हे पे मौंग तिन धर्मानं ख्रिस्ती! बौद्ध देशात पालीचा सर्वांत मोठा प्राध्यापक ख्रिस्ती, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. १९१२ मध्ये गॉर्डन लूस नावाचा तरुण इंग्रज तिथल्या सरकारी कॉलेजात इंग्रजी शिकवायला आला. त्याची यांच्याशी मैत्री जमली आणि १९१५ मध्ये त्यानं यांच्या बहिणीशी, मा टी टीशी लग्न केलं. गोऱ्या साहेबांच्या क्लबाला हे रुचणारं नव्हतंच. मेहुण्या-मेहुण्यांनी मिळून 'काचमहालाची बखर' इंग्रजीत आणली, १९२३ मध्ये. बखर म्हणजे अगदी आपल्या अर्थानं बखर, राजांची. डॉ टी टी लूस यांनी रंगूनच्या रस्त्यावरच्या बेवारस पोरांसाठी घर चालवलं आणि १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षी तो आपल्या चिंतामणराव देशमुखांनाही मिळाला होता. यादीत दोन्ही नावं आहेत, पण देशमुखांचं तेवढं आपल्याला पाठ.

आता मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट. १९२० मध्ये रंगून विद्यापीठाचा कायदा आला. इंग्रजी पक्कं हवं, वसतिगृहात राहायलाच हवं, अशा अटी. गरिबाच्या पोरानं शिकायचं कसं? श्वेडगॉन पॅगोड्याच्या आवारात अकरा विद्यार्थी जमले आणि डिसेंबरात संप पुकारला. कार्तिक वद्य दशमीच्या आसपासची ती तिथी आजही तिथे राष्ट्रीय दिन म्हणून पाळतात. विद्यार्थ्यांच्या संपाचा दिवस हा देशाचा सण! संपातून गावोगाव राष्ट्रीय शाळा निघाल्या. आपल्याकडे विजापूरकरांनी तळेगावला समर्थ विद्यालय चालवलं, तीच तळमळ. पैशाअभावी बऱ्याच शाळा लवकरच मिटल्या, काही तगल्या. रंगूनची म्योमा शाळा तगली. तिथे ऊ बा ल्विन हेडमास्तर होते. येनानजांवची तगली, आंग सान तिथला विद्यार्थी.

मंडालेची तगली ती अब्दुल रझाक यांच्यामुळे. वडील तमिळ मुसलमान, पोलीस खात्यात. आई बर्मी बौद्ध. भावंडांत हे मुसलमान राहिले, पण पाली आणि बौद्ध धर्म मन लावून शिकले, बर्मी नावाचा आग्रह धरला नाही आणि कुणी त्यांच्याकडे तो धरलाही नाही. विशीत हेडमास्तर झाले. मंडालेसारख्या कर्मठ बौद्ध शहरानं या माणसाला सयाजी ऊ रझाक म्हटलं. पुढे ते आंग सान यांच्या मंत्रिमंडळात शिक्षण आणि नियोजन मंत्री होते. १९ जुलै १९४७ च्या सकाळी रंगूनच्या सचिवालयात बंदूकधारी शिरले आणि बैठकीला बसलेल्यांवर गोळ्या झाडल्या, त्यात आंग सान यांच्याबरोबर हे गुरुजीही गेले. आंग सान यांचे थोरले भाऊ बा विन तेही त्याच खोलीत मारले गेले. पुन्हा तेच, नावावरून भाऊ आहेत हे कळत नाही.

आणि पांटानॉ. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातलं भाताच्या व्यापाराचं गाव. तिथल्या राष्ट्रीय शाळेत १९३० च्या आगेमागे दोन तरुण मास्तर होते. एक नू, दुसरा थांट. थांट चौदा वर्षांचा असताना वडील गेले, वारसाच्या भांडणात पैसा गेला, म्हणून कॉलेज अर्धं सोडून आई आणि तीन भावांसाठी मास्तरकी धरलेली. नू गमत्या, नाटकं लिहिणारा. शाळेचा कारभार पाहणाऱ्या गृहस्थांच्या मुलीच्या प्रेमात पडून तिला घेऊन पळाला! थांट शांत, शिक्षकांच्या परीक्षेत सगळ्या देशात पहिला आलेला. नू गेल्यावर तोच हेडमास्तर झाला. यातला पहिला स्वतंत्र ब्रह्मदेशचा पहिला पंतप्रधान, दुसरा १९६१ ते १९७१ सगळ्या जगाचा सरचिटणीस. एका तालुक्याच्या गावातल्या स्टाफरूमची ही कमाई.

घराण्यांचं बोलतोय तर एक घर सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिन टुट, चॉ म्यिंट, म्यिंट थेन, टिन आंग. चौघे सख्खे भाऊ. पहिला आय.सी.एस. झालेला पहिला बर्मी माणूस, देशाचा पहिला परराष्ट्रमंत्री, १९४८ मध्ये बाँबहल्ल्यात गेला. दुसरा न्यायमूर्ती, आंग सान यांच्या खुनाचा खटला ज्या विशेष न्यायासनापुढे चालला त्याचा प्रमुख. तिसरा सरन्यायाधीश. चौथा रंगून विद्यापीठाचा रेक्टर, ज्यानं खेड्यापाड्यातून फिरून लोककथा गोळा केल्या. आपल्याकडे असं घर असतं तर त्या आडनावाचा रस्ता असता, चौक असता, सभागृह असतं. तिथे चार वेगळी नावं चार वेगळ्या पानांवर पडून आहेत.

मग १९६२ आलं. मार्चमध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली. सरन्यायाधीश म्यिंट थेन तुरुंगात गेले, १९६८ पर्यंत. जुलैत विद्यापीठात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे स्टुडंट्स युनियनची इमारत सुरुंग लावून उडवली. जिथे आंग सान आणि नू यांनी १९३६ चा संप चालवला, ती इमारत. दुकानं, पेढ्या सरकारजमा झाल्या, लाखो हिंदी माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून बोटीनं परत आली. १९४२ मध्ये जपानी आले तेव्हा जंगलातून पायी आलेली पिढी वेगळी, ही वेगळी. गॉर्डन लूस यांनाही १९६४ मध्ये देश सोडावा लागला. पन्नास वर्षं ज्या शिलालेखांवर काम केलं ते मागे ठेवून.

शाळांची पाळी १९६५ मध्ये आली. सगळ्या खासगी शाळा सरकारनं घेतल्या आणि त्यांची नावं काढून नंबर दिले. सेंट पॉल्स झाली बोटाटांग सहा नंबर. आंग सान यांची मुलगी सू ची जिथे शिकली ती मेथडिस्ट इंग्लिश हायस्कूल झाली डगॉन एक नंबर. आणि म्योमा, इंग्रजांविरुद्ध देशाच्या लेकरांनी काढलेली म्योमा, तीही डगॉन दोन नंबर. परक्यांच्या शाळांची नावं पुसली हे मी एकवेळ समजू शकतो. पण म्योमाचं नाव पुसताना कुणाचा हात थरथरला नसेल का?

आमच्या बेळगावात सरकारी मराठी शाळांना नंबर असायचे, पण नंबर कुणी सांगत नसे, गल्लीचं नाव सांगायचे. तिथेही तसंच झालं. कागदावर नंबर राहिला, तोंडात म्योमाच. मेथडिस्टचे विद्यार्थी ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, इंग्लंडात पांगले, पण जमतात ते शाळेच्या जुन्या नावानं, आणि बोलतात ते आपल्या प्रिन्सिपॉल मिसेस डोरीन लोगी यांच्याबद्दल. आडनाव नाही, गावाकडे परतायची सोय नाही, तेव्हा 'आम्ही अमुक शाळेचे' एवढाच पत्ता उरला.

ऊ थांट २५ नोव्हेंबर १९७४ ला न्यूयॉर्कमध्ये वारले. शव विमानानं रंगूनला आणलं. ने विन सरकारचा हुकूम होता, सरकारी मानवंदना नाही, कुणी जायचं नाही. विमानतळावर सरकारातला एकच वरचा माणूस आला, शिक्षण खात्याचे उपमंत्री. ते पांटानॉच्या शाळेत थांट गुरुजींचे विद्यार्थी होते. त्यांचं पद गेलं.

५ डिसेंबरला अंत्ययात्रेच्या दिवशी विद्यार्थ्यांनी शवपेटी उचलली आणि विद्यापीठात नेली. सुरुंगानं उडवलेल्या युनियनच्या मोकळ्या जागेवर त्यांनी आपल्या हातांनी समाधी बांधायला घेतली. सहा दिवसांनी पहाटे लष्कर आत शिरलं, पेटी काढून घेतली आणि श्वेडगॉनच्या पायथ्याशी पुरली. किती पोरं गेली याचा आकडा सरकार एक सांगतं, लोक दुसरा.

ज्यांना उचलण्यासाठी ती पोरं धावली, त्यांच्यातल्या कुणालाही थांट यांनी कधी वर्गात शिकवलेलं नव्हतं. पांटानॉ सोडून त्यांना तेव्हा पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती.